बोटात अडकणारा शाफ्ट: उद्यमनगरात आलेल्या एका पूल क्यूचं प्रकरण

क्यू, म्हणजे पूल खेळायची काठी, अमेरिकन धाटणीचा, दोन तुकड्यांचा, ५८ इंची. त्यातला पुढचा तुकडा, म्हणजे शाफ्ट, २९ इंचांचा, हार्ड मेपलचा, टिपेकडे, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकाकडे, नावाला १३ मिलिमीटर. मालक कोल्हापूरच्या गुजरीत दागिन्यांचं काम करणारा तरुण. क्यू त्याला पुण्यातल्या मावसभावाकडून वापरलेला मिळालेला. आषाढात, पाऊस लागून राहिला होता तेव्हा तो घेऊन आला. तक्रार थोडक्यात अशी: "काका, बोटातनं सरकंनाच झालाय बघा. पेपरनं घासला की दोन दिवस बरा चालतोय, परत हाय तेच."

माझा धंदा क्यूचा नाही. शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचे नमुने, करतो. आता बरेच पॅटर्न ॲल्युमिनियमचे नि रेझिनचे होतात, पण सागवान अजून पूर्ण सुटलेलं नाही. संध्याकाळी राजारामपुरीतल्या एका क्लबात खेळायला जातो, त्यामुळे कुणाचा फेरूल, म्हणजे टिपेखालची कडी, हलला, कुणाची टिप निघाली की क्यू माझ्याकडे येतात. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की या एका शाफ्टवर सगळी दुखणी एकत्र होती, आणि त्यातली निम्मी दुरुस्तीतून आलेली होती.

आधी काय झालं होतं

क्लबातल्याच कुणीतरी सुताराकडचा पॉलिश पेपर, ओरखड्यांवरून २२० नंबरचा असावा, शाफ्टभोवती गुंडाळला आणि गोल फिरवला. शाफ्ट नव्यासारखा पांढरा झाला आणि बोटातून सुळकन जायला लागला. काही दिवसांत तो निळसर करडा पडला आणि आधीपेक्षा जास्त चिकटायला लागला. मग पुन्हा पेपर. मधल्या वेळात बेबी पावडर हाताला थापून खेळणं चालू होतं. त्या पावडरीचे पांढरे ठसे टेबलाच्या कापडावर उमटायचे आणि क्लबवाल्याची बोलणी खावी लागायची, ते वेगळंच.

हे चक्र का चालतं ते कळायला, टिप चेंडूवरून घसरू नये म्हणून तिला लावतात तो चॉक म्हणजे काय ते बघावं लागतं. शाळेतल्या खडूशी त्याचा नावापुरताच संबंध. १८९७ साली अमेरिकेत विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी ज्या चॉकचं पेटंट घेतलं, त्याच वाटेनं आजचा निळा चौकोनी खडा बनतो: सिलिकाची भुकटी, ॲल्युमिनियम ऑक्साइड, रंग, आणि हे सगळं बांधून ठेवणारा चिकट पदार्थ. उद्यमनगरातल्या माणसाला यातलं काही नवीन नाही. सिलिका म्हणजे मोल्डिंगची वाळू आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे ग्राइंडिंगच्या चाकातला दाणा. टिपेला चॉक लावताना त्याची धूळ शाफ्टवर उतरते, तिच्यात हाताचा घाम आणि तेलकटपणा मिसळतो आणि लाकडावर राप बसतो. तर्जनीचं कडं करून शाफ्ट त्यातून सरकवणाऱ्याला तो पहिल्यांदा जाणवतो. हात उघडा ठेवून, अंगठ्याच्या खोबणीतून खेळणाऱ्याला बऱ्याच उशिरा.

नव्या शाफ्टला कारखान्यातून जॉइंटकडच्या, म्हणजे दोन तुकडे जुळतात त्या बाजूच्या, काही इंचांवर लॅकरची चकाकी असते. वरचा, बोटात खेळणारा भाग बहुतेक वेळा नुसत्या सीलर (छिद्रं बुजवणारा पातळ हात) नि मेणावर सोडलेला असतो. मेपलची छिद्रं बारीक, स्नूकरच्या क्यूच्या ॲश लाकडासारखी उघडी नसतात, म्हणून एवढ्यावर भागतं. २२० चा पेपर पहिल्या दोन हातांतच हा सीलर काढून टाकतो. मग मळ वर बसायच्या ऐवजी लाकडात उतरतो, आणि आडव्या ओरखड्यांत तर ठाणच मांडतो. पेपर मारल्यावर दोनच दिवस बरं का वाटायचं, त्याचं कारण हे. दर वेळी वरचा मळका थर जायचा आणि खाली आणखी तहानलेलं लाकूड उघडं पडायचं.

तपासणी

आधी सरळपणा बघितला. शाफ्ट ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट दगडावर, ठेवून हळू लोटला आणि मागून बॅटरीचा उजेड टाकला. खालची फट फिरताना कमीजास्त होत नव्हती, म्हणजे वाक नाही. वाक असता तर पुढचं काही करायला मी तयार झालो नसतो, कारण वाकलेला शाफ्ट गुळगुळीत करून मालकाच्या पदरात काही पडत नाही.

मग मायक्रोमीटर. व्हर्नियर इथं नको, त्याचे जबडे मऊ लाकडावर दाबले जातात आणि माप हवं तसं येतं. फेरूल भरला १२.९७ मिलिमीटर. त्याच्या इंचभर खाली लाकूड एका बाजूनं १२.८०, आणि शाफ्ट पाव वळसा फिरवून घेतलं की १२.७३.

या दोन आकड्यांवर मी बराच वेळ घालवला, कारण त्यांत दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पहिली सरळ आहे: फेरूल आणि लाकूड कारखान्यातून एकसारखं आलेलं असणार, आता लाकूड बारीक झालंय, आणि बोट फिरवलं की फेरूलखाली पायरी लागते. पेपरनं खाल्लेलं लाकूड ते. दुसरी गोष्ट अशी की शाफ्ट गोल राहिलेला नाही, अंडाकृती झालाय. पेपर गोल फिरवून असा अंडाकार येत नाही. तो ओलीनं येतो. लाकूड पाणी पितं तेव्हा सगळीकडे सारखं फुगत नाही. झाडाच्या वर्तुळांच्या दिशेनं जास्त फुगतं, गाभ्याकडून सालीकडे कमी. शुगर मेपलमध्ये ओल्यापासून कोरड्यापर्यंतचं आकुंचन पहिल्या दिशेत साधारण १० टक्के, दुसरीत ५ टक्के धरतात. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असते तेव्हा लाकडात पाण्याचा अंश १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, ९० टक्क्यांना तो २० पर्यंत जातो. आपल्याकडच्या आषाढात सीलर गेलेला शाफ्ट क्लबातल्या दमट हवेत टांगलेला असला, तर सात शतांश मिलिमीटरचा अंडाकार ही मोठी गोष्ट नाही. पॅटर्नच्या धंद्यात हा हिशोब रोज करावा लागतो, म्हणून डोळ्याला पटकन दिसला.

बाकीचं लवकर आटपलं. फेरूलपासून वीतभर खाली दोन पोचे होते, टेबलाच्या कडेवर आपटल्याचे. त्यांच्याच खाली एक खाच होती, नखात अडकणारी, तिथं तंतू तुटलेले. वरचा दहा-बारा इंचांचा भाग करडा, फेरूलजवळ गडद निळा. आणि तिरप्या उजेडात गोल ओरखडे अगदी मोजता येतील असे.

लेथचा आग्रह

शेजारच्या वर्कशॉपात सगळ्यांचं एकच म्हणणं: "लेथवर लाव की, दोन मिनटांत चकाचक." लेथ माझ्या हाताशी आहे, तरी मी नको म्हटलं. तीन जबड्यांच्या चकात मेपल धरला की जबड्यांचे वळ उठतात. एवढा लांब नि बारीक शाफ्ट मध्ये आधार न देता फिरवला की फेकतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे फिरत्या लाकडावर पेपर धरणं इतकं सोपं असतं की किती गेलं ते कळत नाही, शिवाय ओरखडे पुन्हा आडवेच पडतात. क्यू बनवणारे लेथच वापरतात हे खरं, पण त्यांच्याकडे त्या मापाचे कॉलर असतात आणि हात बसलेला असतो. घरच्या दुरुस्तीला हात पुरतो.

काम

पहिला नियम मी स्वतःला असा घातला की पेपर शेवटी, आणि लागलाच तर.

टिप आणि जॉइंट टेपनं झाकले. जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यावर स्पिरिट घेऊन वीत-वीतभर पुसत गेलो. स्पिरिटच का, तर ते मळ आणि उरलासुरला सीलर दोन्ही सैल करतं, लवकर उडून जातं आणि पाण्याइतकं लाकूड फुगवत नाही. तुकडा निळा झाला की घडी बदलायची, नाहीतर काढलेला मळच परत लावला जातो. फेरूलजवळच्या भागाला मेलामाइन फोमचा पांढरा स्पंज किंचित ओला करून हलका फिरवला. हा स्पंजही एक प्रकारे अतिबारीक पेपरच आहे, तेव्हा जोर लावायचा नाही. फडक्यावर निळं यायचं थांबून नुसतं करडं यायला लागलं तिथं मी थांबलो. फेरूलखाली निळसर छटा राहिली. पोराला ती खटकली.

"अजून निळं दिसतंय की काका."

"रंग आहे तो, आत मुरलाय. तो काढायचा तर लाकूडच काढावं लागंल. बोटाला काय लागतंय का सांग."

त्यानं डोळे मिटून बोट फिरवलं. काही लागलं नाही. सोनाराचा हात असल्याचा हा फायदा, हा माणूस डोळ्यापेक्षा बोटावर विश्वास ठेवतो.

पोचे उठवायचं काम मला मनापासून आवडतं. पोच्यात लाकूड गेलेलं नसतं, नुसतं दबलेलं असतं. बोटाच्या पेराएवढा सुती तुकडा ओला करून पिळला, पोच्यावर ठेवला आणि इस्त्रीचं टोक त्यावर दोन-तीन सेकंद टेकवलं. चर्र आवाज होऊन वाफ आत जाते, दबलेल्या पेशी मऊ होऊन फुगतात आणि खळगा डोळ्यांदेखत वर येतो. एका दमात पुरा आला नाही तर थांबायचं, गार होऊ द्यायचं, परत करायचं. इस्त्री तशीच धरून ठेवली तर लाकूड पिवळं पडतं. आणि आधीचं स्पिरिट पुरतं उडून गेल्याशिवाय गरम इस्त्री जवळ आणायची नाही, हे सांगावं लागू नये पण सांगतो. मोठा पोचा पूर्ण उठला, दुसऱ्याची नुसती सावली राहिली.

खाचेला वाफेचा उपयोग नव्हता, तुटलेला तंतू जोडला जात नाही. तिथं दोन्हीकडे टेप लावून पातळ सुपर ग्लूचा एक थेंब सोडला आणि कडक झाल्यावर लाकडाच्या सपाट पट्टीवर १००० नंबरचा पेपर चिकटवून फक्त तो थेंब लाकडाच्या पातळीत आणला. बोटाच्या टोकाला पेपर धरून हे केलं असतं तर थेंब कडक म्हणून राहिला असता आणि आजूबाजूचं मऊ लाकूड खाल्लं गेलं असतं.

इथवर आल्यावर शाफ्ट उभा टांगून ठेवला, जॉइंटकडून, आतल्या खोलीत. पावसाळ्यात लाकूड लवकर वाळावं म्हणून बल्ब लावलेल्या कपाटात ठेवायची पद्धत आहे. जाड फळीला ती चालते, पण शाफ्टची एक बाजू आधी वाळली की तो त्या बाजूला वाकतो. टांगलेला तसाच सोडला आणि माप रोज बघत राहिलो. आकडा हलायचा थांबल्यावर पुढचं.

ओरखड्यांचा प्रश्न

आडवे ओरखडे पूर्ण घालवायचे तर सगळ्यात खोल ओरखड्याच्या तळापर्यंत लाकूड खाली आणावं लागतं. म्हणजे आणखी काही शतांश मिलिमीटर. पूलच्या नियमात टिपेची रुंदी १४ मिलिमीटरपेक्षा जास्त नको एवढंच आहे, तेव्हा बारीक शाफ्ट नियमाच्या आड येत नाही. पण बारीक झालेला शाफ्ट जास्त लवचीक होतो, फटका मारताना वेगळा वागतो, आणि खेळणाऱ्याला एक-दोन दशांश मिलिमीटर कळतात. गेलेलं लाकूड परत येत नाही, म्हणून ओरखडे नुसते बोथट करायचं ठरवलं.

गाड्यांच्या पेंटिंगवाल्यांकडे मिळतो तो वॉटर पेपर घेतला, पण कोरडाच वापरला. १०००, मग १५००, मग २०००, आणि हात नेहमी लांबीच्या दिशेनं, तंतूंबरोबर, चार बोटांच्या पकडीत हलका. २००० च्या आधी ओलसर फडक्यानं एकदा पुसून वाळू दिलं. पाणी लागलं की कापलेले तंतू उभे राहतात, गालावर फिरवला तर लव जाणवते. ती आत्ताच उठवून कापली नाही तर पहिल्या घामाच्या हाताला ती उठणार आणि मालक म्हणणार परत खरखरीत झाला. या सगळ्याचा खर्च मायक्रोमीटरवर दोन शतांश आला: १२.७८ आणि १२.७१. तिरप्या उजेडात ओरखडे अजून दिसतात, बोटाला लागत नाहीत.

सील करायला मी चपडी, म्हणजे लाखेचं पॉलिश, वापरली. लाकडी पॅटर्न ओल्या वाळूत बसायचा तर त्याला चपडीचे हात द्यायचे हा आमच्या धंद्यातला जुना रिवाज, त्यामुळे डबा हाताशी असतो. मेण काढलेली चपडी, १०० मिलिलिटर स्पिरिटला फक्त ६ ग्रॅम, म्हणजे पॉलिशवाला बघून हसेल इतकी पातळ. फडक्यानं लावायची आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसून काढायची. हेतू एवढाच की ती छिद्रांत आणि ओरखड्यांत राहावी, वर थर होऊ नये. चपडीचा थर घामाच्या हाताखाली पांढुरका आणि चिकट होऊ शकतो, आणि तसं झालं तर आपण फिरून पहिल्या तक्रारीवर येतो. ज्यांच्याकडे चपडी नाही त्यांनी सुताराचा सँडिंग सीलर असाच पातळ करून, पुसून वापरला तरी चालतं. गाडीचं वॅक्स मात्र मी शाफ्टजवळ येऊ देत नाही. बऱ्याच डब्यांत सिलिकॉन असतं, आणि ते एकदा लाकडात शिरलं की पुढं दुसरं फिनिश नीट धरत नाही.

आणि मग ओप. यासाठी चप्पल लाईनमधून कातड्याचा पंजाएवढा तुकडा आणला. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात, ते घट्ट असतं आणि दाबाखाली लाकडाला घोटतं. तुकडा निवडताना दोन गोष्टी बघायच्या: रंग दिलेला नको आणि तेल पाजलेलं नको. तिसरी गोष्ट आमच्या भागापुरती. या कमावणीतला टॅनिन आणि लोखंडाची धूळ ओलीत भेटली की काळे डाग पडतात, म्हणून हे काम मी वर्कशॉपच्या बाकावर न करता घरी केलं. कातडं शाफ्टभोवती धरून हात झरझर मागेपुढे चालवायचा, पकडीत चटका बसेपर्यंत. पोरानं कातडं माझ्या हातून घेतलंच. दागिन्याला ओपणी चालवणाऱ्या मनगटाला हे शिकवावं लागत नाही, त्याचा दाब माझ्यापेक्षा सारखा पडत होता. शेवटी कार्नोबा मेणाचा नावाला एक हात, तोही त्याच कातड्यानं जिरवला. कार्नोबा ८० अंशांच्या वर वितळतं, मधमाशीचं मेण साठीच्या थोडंसं पुढे. नुसतं मधमाशीचं मेण मऊ राहतं, ते बोटात अडकतं.

नंतर

मालकाला पथ्य दिलं ते साधं. चॉक लावताना क्यू उभा धरायच्या ऐवजी टिप खाली झुकवायची, म्हणजे धूळ शाफ्टवर न येता जमिनीवर पडते. खेळून झालं की आधी किंचित ओलसर, लगेच कोरडं फडकं, आणि शेवटी साध्या कागदाची घडी जोरात फिरवायची. पावडर बंद, घाम फार येत असेल तर तीन बोटांचा ग्लोव्ह. पेपर घरात असला तरी हात लावायचा नाही.

श्रावणभर तो खेळत होता. रात्री उशिरापर्यंत खेळलं तर शेवटी थोडा जड सरकतो म्हणाला, पुसला की मोकळा होतो. करडेपणा फेरूलखाली परत थोडा आला, पण आता तो वरचा होता, फडक्याला येत होता.

खरं काम उरलं होतं ते फेरूलच्या पायरीचं. पोराचं म्हणणं होतं की फेरूलच लाकडाच्या मापाला उतरवून टाका, पायरी गेली की झालं. मी दिवाळीपर्यंत थांबायला लावलं. फेरूल पाऊस पीत नाही, लाकूड पितं. आषाढात १२.७८ ला फेरूल आणला असता तर थंडीत लाकूड आकसून पायरी पुन्हा उभी राहिली असती.

दिवाळीत पुन्हा मापलं: एका बाजूनं १२.७१, दुसऱ्या बाजूनं १२.६८. अंडाकार सात शतांशावरून तीनवर आला होता. फेरूल १२.९७ वर तसाच. म्हणजे पावसाळ्यात लाकूड बऱ्यापैकी भरलेलं दिसत होतं ते पाण्यानं, आणि पेपरनं खरंच किती खाल्लं होतं ते आत्ता उघडं पडलं: माझे दोन शतांश सोडले तरी पाव मिलिमीटर.

फेरूल १२.७४ ला उतरवायचं ठरलं, कोरड्यातल्या मापापेक्षा किंचित जास्त, म्हणजे पावसाळ्यात लाकूड फुगलं तरी ते फेरूलच्या वर फारसं निघणार नाही. टिप तशीही झिजलेली आहे. ती बदलताना दोन्ही एकदमच करू.